जिंकलेली चौकी राखायची कशी?
हिवतापाशी चाललेली लढाई आणि नवे संशोधन



इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, रायपूर, दिल्ली, जिथे कुठे बसून तुम्ही हे ऐकत असाल, तिथल्या सगळ्या मराठी मंडळींना माझा नमस्कार. मी राहतो सिकंदराबादला. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे या गावाचा उल्लेख येणार आहे.

आयोजकांनी मला दिलेला विषय मोठा आहे : वैद्यक, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरण या तीन शास्त्रांतले ताजे संशोधन. मी शास्त्रज्ञ नाही. विज्ञानाची पदवी घेतली आणि मग सगळी उमर फौजेत काढली. तेव्हा तीन शास्त्रांचा आढावा घेण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. मी एकच आजार घेतो, ज्यात ही तिन्ही शास्त्रे एकमेकांना येऊन भेटतात आणि ज्याच्याशी माझ्या पेशाचा जुना संबंध आहे. तो म्हणजे हिवताप, मलेरिया.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "कर्नलसाहेब, मलेरिया आता राहिलाय कुठे?" हाच प्रश्न मला हवा आहे. आधी चार आकडे सांगतो, ते लक्षात ठेवा.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे ८ लाख माणसे मरत, असा अंदाज आहे. त्या वेळची लोकसंख्या पस्तीस कोटींच्या आतबाहेर. म्हणजे दर पाच माणसांमागे एक जण तापाने फणफणलेला. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी फवारले गेले, क्लोरोक्विनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, आणि १९६५ सालापर्यंत नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. साडेसात कोटींवरून एक लाख! लोकांना वाटले, संपला मलेरिया. लक्ष उडाले, पैसा दुसरीकडे गेला, फवारणी ढिली पडली. डास डीडीटीला सरावले, जंतू क्लोरोक्विनला सरावू लागले. आणि १९७६ साली आकडा किती झाला? ६४ लाख.

आता आजचा आकडा. २०२३ साली देशात नोंदलेले रुग्ण होते सुमारे २ लाख २७ हजार आणि मृत्यू ८३. सरकारी नोंदीत न आलेले रुग्ण धरले तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज यापेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे, पण उतार खरा आहे. २०१५ साली हीच नोंद ११ लाखांच्या वर होती. २०३० पर्यंत देशातून मलेरिया हद्दपार करायचा, असे आपले उद्दिष्ट आहे.

म्हणजे मंडळी, आपण पुन्हा १९६५च्या मुक्कामाजवळ येऊन उभे आहोत. पायदळात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात. चौकी काबीज झाली की जवान दमलेला असतो, आनंदात असतो, पाणी शोधत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी दुश्मनाचा उलटा हल्ला येतो. म्हणून चौकी घेतल्याबरोबर आधी मोर्चे बांधायचे, मग बाकी सगळे. १९६५ साली आपण मोर्चे बांधले नाहीत. या वेळी काय करणार, हा माझ्या बोलण्याचा विषय आहे.

फौजेत हुकूम देण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी जमीन कशी आहे ते सांगायचे, मग दुश्मन, मग आपली ताकद आणि शेवटी काम. मी त्याच क्रमाने बोलतो. जमीन म्हणजे पर्यावरण, दुश्मन म्हणजे जंतू, आपली ताकद म्हणजे औषधे आणि लसी.

तर पहिली जमीन.

मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ वाईट हवा. दलदलीवरून येणाऱ्या घाण हवेने हा ताप येतो, अशी शेकडो वर्षे समजूत होती. ती मोडली आमच्या सिकंदराबादेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. प्रयोगासाठी डास चावून घेणारा रुग्ण होता हुसेन खान. डासामागे एक आणा या दराने त्याला आठ डासांचे आठ आणे मिळाले, अशी नोंद आहे. पुढच्या वर्षी रॉस यांनी कलकत्त्याला पक्ष्यांमधल्या मलेरियावर काम करून डासामार्फत जंतू कसा पसरतो, ते पूर्ण उलगडले आणि १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले. बेगमपेटच्या जुन्या विमानतळाजवळ ती इमारत आजही आहे. हैदराबादला आलात तर जरूर पाहा. बिर्याणी नंतर खा.

रॉसनंतर लढाईचे मैदान हवेतून पाण्यात उतरले, कारण डास पाण्यात वाढतो. मुंबईत मलेरिया का पसरतो, याचा तपास डॉक्टर बेंटली यांनी केला आणि त्यांचा अहवाल १९११ साली आला. त्यात मुख्य दोष होता घरोघरच्या विहिरींचा. मुंबईतला गुन्हेगार डास होता ॲनोफिलीस स्टीफेन्साय. हा डास शेतातल्या डबक्याची वाट पाहत नाही. शहरातली विहीर, गच्चीवरची टाकी, बांधकामावरचा हौद, स्वच्छ साठवलेले पाणी त्याला आवडते. मुंबईत विहिरी बुजवल्या गेल्या, काहींवर झाकणे बसली. काही समाजांत विहीर पवित्र मानली जाई, त्यामुळे विरोधही झाला. पर्यावरण बदलायचे म्हणजे माणसाच्या घरात आणि मनात हात घालावा लागतो, हे तेव्हाच दिसले.

हा आपला शहरी डास आज जागतिक चिंतेचा विषय झाला आहे. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला. तिथले डास वेगळे. पण २०१२ साली आफ्रिकेच्या पूर्व टोकावरच्या जिबूती या छोट्या देशात स्टीफेन्साय सापडला. त्या वर्षी त्या देशात मलेरियाचे रुग्ण होते २७. सत्तावीस! २०२० साली ते ७३ हजारांच्या वर गेले. पुढे इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ साली उद्रेक झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांच्या घरांचा आणि आसपासच्या पाण्याचा माग काढून हाच डास त्यामागे असल्याचे दाखवले. ज्या खंडात शहरे झपाट्याने वाढताहेत, नळाला पाणी नाही म्हणून लोक पिंपे भरून ठेवताहेत, तिथे या डासाला पाय ठेवायला जागाच जागा आहे.

जमिनीतली दुसरी हालचाल तापमानाची. डासाच्या पोटात जंतू वाढायला ऊब लागते. १८ अंशांच्या खाली फाल्सिपेरम हा जीवघेणा जंतू वाढत नाही. व्हायवॅक्स हा दुसरा जंतू १६ अंशांपर्यंत तग धरतो. म्हणून उंच डोंगरावरची गावे आजवर सुरक्षित होती. इथिओपिया आणि कोलंबियाच्या डोंगराळ भागांतल्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवले, की ज्या वर्षी ऊब जास्त, त्या वर्षी मलेरिया डोंगरावर जास्त उंच चढतो. आणि उंचावरच्या लोकांच्या अंगात तर फारशी प्रतिकारशक्ती नसते.

आता दुश्मन.

डास हा नुसता वाहक आहे, ट्रक समजा. खरा दुश्मन आत बसलेला आहे. डास चावला की जंतू रक्तातून थेट यकृतात जातात. तिथे आठवडाभर, कधी जास्त, गुपचूप वाढतात. त्या काळात ताप नाही, काही नाही. मग हजारोंच्या संख्येने रक्तात उतरतात आणि लाल पेशींत शिरून आतले हिमोग्लोबिन खातात. पेशी फुटतात आणि थंडी वाजून ताप भरतो.

व्हायवॅक्स त्याहून लबाड. तो आपली काही माणसे यकृतात झोपवून ठेवतो. आजच्या भाषेत स्लीपर सेल. रक्तातले जंतू औषधाने मेले, रुग्ण हिंडू-फिरू लागला, की आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे झोपलेले उठतात. डास चावलेला नसतानाही ताप परत येतो.

मी ईशान्येत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. संध्याकाळच्या गिनतीला आमच्याकडे दोन गोष्टी बघितल्या जात : बाह्या खाली आहेत का आणि मच्छरदाणी लागली आहे का. पलटणीचे डॉक्टर आणि त्यांचे मलेरिया पथक नाले, डबकी, रिकामे डबे यांच्या मागे हात धुऊन लागलेले असत. एवढे करूनही ताप येतच. साताऱ्याकडचा एक जवान असाच आजारी पडला, बरा झाला आणि रजेवर गेला. महिन्या-दोन महिन्यांनी गावाहून निरोप : ताप पुन्हा भरलाय. परत आल्यावर नर्सिंग असिस्टंटने त्याच्या पेटीतून उरलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या काढल्या. यकृतात लपलेल्या जंतूंना मारणाऱ्या त्याच गोळ्या. विचारले तर म्हणाला, "साहेब, ताप गेला की. मग कशाला खायच्या?"

त्याला हसू नका. दहा घरांत आज हेच चालते. ताप गेला म्हणजे आजार गेला, हा आपला हिशेब. आणि दुश्मन त्याच हिशेबावर जगतो. प्रायमाक्विनचा इतिहासही फौजीच आहे. कोरियाच्या युद्धातून जहाजाने घरी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हे औषध बोटीवरच देण्यात आले, नाहीतर प्रत्येक जण आपल्या गावी एकेक स्लीपर सेल घेऊन उतरला असता. आज भारतात व्हायवॅक्ससाठी ते चौदा दिवस घ्यावे लागते. टॅफेनोक्विन नावाचे एकाच मात्रेत काम भागवणारे औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. पण जी-सिक्स-पीडी नावाचे एक एन्झाइम ज्यांच्या अंगात जन्मतः कमी असते, त्यांच्या लाल पेशी या औषधांनी फुटू शकतात. म्हणून ही औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि टॅफेनोक्विन तर तपासणी झाल्याशिवाय नाहीच.

आता आपली ताकद. इथे वनस्पतिशास्त्र येते आणि मला सर्वांत आवडणारा भागही हाच.

मलेरियावरची दोन मोठी औषधे झाडांनी दिली. पहिले क्विनाइन, दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली वेगळे केलेले. पुढे डच लोकांनी जावा बेटावर सिंकोनाचे असे मळे उभे केले, की जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त क्विनाइन तिथून येऊ लागले. १९४२ साली जपानने जावा घेतले आणि दोस्त फौजांचे क्विनाइन एका फटक्यात तुटले. एकाच झाडावर, एकाच बेटावर विसंबण्याची किंमत ती.

दुसरे औषध आर्टेमिसिनिन. याचाही जन्म युद्धात झाला. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त पडत होते आणि क्लोरोक्विन लागू पडेनासे झाले होते. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू केला. पाचवा महिना, तेविसावा दिवस, म्हणून नाव प्रकल्प ५२३. त्यात तू योयो या संशोधक बाई आल्या. त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतले आणि वैद्यांकडचे दोन हजारांवर नुस्खे गोळा केले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८०हून जास्त अर्क उंदरांवर तपासले. आर्टेमिसिया ॲन्युआ या झुडपाचा अर्क कधी चाले, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्याच्या पुस्तकात त्यांना आढळले, की हे झुडूप पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा. उकळण्याचा उल्लेख नाही. बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला : उष्णतेने औषध नासत असेल. त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. १९७१च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले सगळे जंतू मारले. माणसांवर प्रयोग करण्याआधी बाईंनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले.

हे औषध काम कसे करते, ते एका फौजीला लगेच समजते. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. तो सुरुंगासारखा शांत पडून राहतो. जंतू हिमोग्लोबिन खातो तेव्हा त्यातले लोह मोकळे होते. त्या लोहाचा स्पर्श झाला की पूल तुटतो आणि जंतूच्या पोटातच स्फोट होतो. दुश्मनाचाच पाय सुरुंगावर पडतो.

आता आपल्याकडचा एक धागा. आपल्या जोतिबाला वाहतात तो सुवासिक दवणा याच आर्टेमिसिया घराण्यातला आहे. पण भाऊबंद आहे म्हणून दवण्याने मलेरिया बरा होतो, असा संदेश कृपा करून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. खुद्द आर्टेमिसिया ॲन्युआच्या पानांचा काढा पिण्यालाही जागतिक आरोग्य संघटनेचा विरोध आहे. वाळलेल्या पानात औषध असते टक्काभर किंवा त्याहून कमी, आणि ते झाडागणिक बदलते. अर्धवट मात्रा पोटात गेली तर जंतू मरत नाही, शिकतो. जुन्या ग्रंथाने बाईंना दिशा दाखवली, हे खरे. त्या दिशेने शेकडो अर्क तपासून, मोजून, सिद्ध करून त्या पोहोचल्या, हेही तेवढेच खरे. आपल्या आयुर्वेदाचा अभिमान मलाही आहे, आणि म्हणूनच मला हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

लखनौच्या आपल्या संस्थांनी हे काम मनावर घेतले. सीमॅपने आर्टेमिसियाच्या जास्त औषध देणाऱ्या जाती काढल्या आणि सीडीआरआयने आर्टीथर हे इंजेक्शन तयार केले. तिकडे अमेरिकेत जे कीसलिंग यांच्या गटाने झुडपाची जनुके यीस्टमध्ये घातली; पाव फुगवते तेच यीस्ट. ते यीस्ट आर्टेमिसिनिनचा कच्चा माल बनवू लागले आणि २०१३ साली कारखान्यात उत्पादनही सुरू झाले. पण शेतातल्या आर्टेमिसियाचा भाव इतका उतरला, की कारखान्याचा माल बाजारात टिकला नाही. प्रयोगशाळेत जिंकलेली गोष्ट बाजारात हरू शकते, हेही ध्यानात असू द्या.

लसीकडे वळू. मलेरियाच्या दोन लसी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केल्या आहेत. पहिली २०२१ साली, दुसरी २०२३ साली. दुसरीचे नाव आर-ट्वेंटीवन. ती ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ज्या भागांत मलेरिया ठरावीक मोसमात येतो, तिथे मोसमाआधी तीन मात्रा दिल्या तर पुढच्या वर्षभरात मुलांमधले सुमारे ७५ टक्के आजार टळले. एका मात्रेची किंमत दोन ते चार डॉलर. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती द्यायला सुरुवात झाली. जगात २०२३ साली मलेरियाने सुमारे सहा लाख माणसे गेली आणि त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश बळी आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. हे ऐकल्यावर पुण्यातून निघणाऱ्या त्या पेट्यांचे मोल कळते.

आणि गंमत पाहा, या दोन्ही लसींतही एक झाड लपलेले आहे. लसीचा प्रभाव वाढवायला एक पूरक द्रव्य घालावे लागते. ते येते चिली देशातल्या क्विलाजा झाडाच्या सालीतून. त्या झाडाला साबणाचे झाड म्हणतात, कारण साल पाण्यात घुसळली की फेस येतो. आपल्या रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तो ज्या जातीच्या द्रव्यांमुळे, त्याच जातीची ही द्रव्ये. सॅपोनिन त्यांचे नाव. आता जगभरच्या मुलांना लस द्यायची तर चिलीतली किती झाडे सोलायची? जावाच्या सिंकोनाचीच गोष्ट पुन्हा! म्हणून इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाड हे द्रव्य पायरी पायरीने कसे बनवते ते शोधले आणि तंबाखूच्या जातीच्या एका रोपात ते बनवून दाखवले. २०२४ साली तेच द्रव्य यीस्टमध्ये तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्या गटात पुन्हा कीसलिंग. अजून हे कारखान्याच्या पातळीवर आलेले नाही. पण लस वैद्यकाची, द्रव्य झाडाचे आणि वाचवायचे जंगल पर्यावरणाचे, हे तीनही प्रश्न एका बाटलीत आले आहेत.

आपल्याकडे आयसीएमआरने भुवनेश्वरच्या केंद्रात ॲडफॅल्सिव्हॅक्स नावाची लस तयार केली आहे. ती माणसाला आजारापासून वाचवण्याबरोबर डासाकडे जाणारे जंतूही अडवेल, अशी तिची रचना आहे. २०२५ साली आयसीएमआरने ती बनवण्यासाठी कंपन्यांना पुढे येण्याचे आवाहन केले. माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत, तेव्हा ढोल आत्ताच वाजवायला नकोत.

आणखी एक मित्र अचानक भेटला. स्पेनमधल्या एका प्रयोगशाळेत काही डासांना मलेरियाची लागण होईनाशी झाली. शोध घेतला तर त्यांच्या पोटात एक जिवाणू निघाला, जो हारमेन नावाचे रसायन सोडून जंतूला वाढू देत नाही. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हारमेन हे नाव आले आहे हरमल या झुडपावरून, ज्याच्या बियांचा धूर आपल्याकडेही करतात. इथेही मी धूर करा म्हणत नाही!

इतकी शस्त्रे आहेत, मग चिंता कसली? चिंता ही, की या युद्धात प्रत्येक शस्त्राला गंज चढतो. क्लोरोक्विनला दाद न देणारे जंतू १९५०च्या दशकाअखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर दिसले. भारतात १९७३ साली आसामात. आर्टेमिसिनिनला उशिरा दाद देणारे जंतूही त्याच कंबोडियात, २००८-०९च्या सुमारास नोंदले गेले. २०१४ साली त्यामागचा केल्च-१३ या जनुकातला बदल सापडला. मग तोच प्रकार रवांडा आणि युगांडात, तोही बाहेरून न येता तिथेच उपजलेला आढळला. आपल्या ईशान्येत एक जोडऔषध निकामी होऊ लागले, म्हणून २०१३ साली तिथे दुसरे लागू करावे लागले. नवी औषधे येताहेत. पाच किलोपेक्षा कमी वजनाच्या तान्ह्या बाळांसाठीचे औषधही २०२५ साली स्वित्झर्लंडमध्ये मंजूर झाले. पण एक औषध घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि बिघडायला अर्धवट खाल्लेल्या गोळ्या पुरतात.

आता शेवटचा भाग, काम.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रह्मदेशची आघाडी. जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की १९४३ साली जखमी होऊन मागे येणाऱ्या एका जवानामागे आजारी होऊन येणारे १२० होते. त्यात मलेरिया मोठा. क्विनाइन गेले होते, पण मेपाक्रिन नावाची गोळी उपलब्ध होती. जवान ती खात नसत, कारण कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी अफवा होती. स्लिम यांनी अचानक तपासण्या लावल्या. ज्या पलटणीत गोळी पोटात गेलेली आढळली नाही, तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवले. असे तीन ऑफिसर गेले, आणि बाकीच्यांना इशारा पुरला. आजारी पडणाऱ्यांचा आकडा झपाट्याने खाली आला. पुढच्या वर्षी इंफाळ-कोहिमाला जी फौज लढली, सांगशाकला आपली मराठा पलटण लढली, ती अशा शिस्तीत वाढलेली फौज होती. गोळी तीच होती. फरक पडला तो ती रोज गिळली जाते की नाही, याची जबाबदारी एका माणसावर टाकल्याने.

नागरी जीवनात असा हुकूम चालत नाही आणि चालूही नये. तिथे दुसरी रीत लागते, आणि ती ओडिशाने दाखवली. २०१६ साली तिथे जवळपास साडेचार लाख रुग्ण होते. २०१७ पासून दुर्गम आदिवासी वस्त्यांत शिबिरे घेऊन ताप असलेल्या-नसलेल्या सगळ्यांचेच रक्त तपासायला सुरुवात झाली, कारण पुष्कळांच्या अंगात जंतू असतो पण ताप नसतो. सापडला की पूर्ण उपचार. सोबत एक कोटीहून जास्त औषधी मच्छरदाण्या. २०१९ साली आकडा चाळीस हजारांवर आला. हे केले कोणी? डोंगर चढणाऱ्या आशाताईंनी. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलात हेच अवघड काम आजही चालू आहे.

तेव्हा तुमच्या-माझ्या वाट्याचे काम थोडक्यात सांगतो.

एक. थंडी वाजून ताप आला तर अंदाजाने गोळी नको, रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. दोन. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. दुकानदार चार गोळ्या कापून देत असेल तर पूर्ण मात्रा मागून घ्या. तीन. आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि गच्चीची टाकी, कूलर, कुंड्यांच्या बशा, बांधकामावरचा हौद पाहा. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याची फेरी त्याआधी पोहोचते. चार. तुमच्या सोसायटीत बांधकाम चालू असेल तर तिथल्या मजुरांना ताप आहे का, हे विचारा. ते झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून आलेले असतात. त्यांच्या तपासणीची सोय करणे हे त्यांच्या आणि आपल्या दोघांच्याही भल्याचे आहे. त्यांच्याकडे संशयाने पाहू नका. डासाला मालक आणि मजूर यांतला फरक कळत नाही.

पाच, आणि हे सर्वांत अवघड. रुग्ण कमी झाले म्हणून फवारणी, तपासणी, कर्मचारी कमी करण्याची भाषा कानावर आली, तर विरोध करा. नगरसेवकाला विचारा, ग्रामसभेत विचारा : आपल्याकडे मलेरिया कर्मचारी किती, रिकाम्या जागा किती? १९६५ नंतर हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला नाही.

फौजेत शांततेच्या काळातही रात्री संत्री उभा असतो. त्याच्या पहाऱ्यात काही घडले नाही, तर सकाळी त्याला कोणी शाबासकी देत नाही. पण काही घडले नाही, हेच त्याचे काम असते. येत्या पाच-सात वर्षांत आपल्याला असेच, शाबासकी न मिळणारे काम करायचे आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, मी थांबलो आहे.  जय हिंद.